साडेतीन ते पाच

सेरंगून, ८ जून २०२५

प्रिय शैला,

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. 'चि.' लिहायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, आणि नुसतं 'शैला' लिहिलं तर बँकेची नोटीस वाटते. शेवटी 'प्रिय' लिहिलं. चालवून घे.

आपण समोरासमोर शेवटचं भेटलो ते तुझे संजीव भावोजी गेले तेव्हा. नऊ वर्षं झाली. तू सांगलीहून आलीस, भिंतीला टेकून बसलीस, पाणी प्यायलीस आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेलीस. त्याआधी त्यांच्या आजारपणात तू येऊन राहते म्हणाली होतीस. मी नको म्हटलं, बाई ठेवली. त्यानंतर पुराच्या वेळचा फोन. तोही मी केला नाही. मी पुण्यात होते, आणि सिंगापूरला असलेल्या मुलाला सांगितलं, "मावशीला विचार, पाणी कुठवर आलंय." रुचिरने कळवलं, मावशी सुखरूप आहे. मी बरं म्हटलं.

आता चार वर्षं मी इथे रुचिरकडे आहे. सकाळी गार्गीला शाळेच्या बसपाशी सोडते, मग मॉलच्या वरच्या मजल्यावर लायब्ररी आहे तिथे गारव्यात जाऊन बसते. नात अकरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. परवा माझ्या हातातलं पुस्तक बघून, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजी, यू रीड सो मच अँड स्टिल सो बोअर्ड, लाह." पोरगी बरोबर होती.

कंटाळा आलाय खरा. सत्तावीस वर्षं प्रतापरावांच्या प्रकाशनात लोकांची हस्तलिखितं वाचून अभिप्राय दिले, त्याचा हा परिणाम. पहिल्या वीस पानांत कोण मरणार, कोण परत येणार, कुणाचं काय दडलंय हे कळून चुकतं. डोळे ओळींवरून सरकत राहतात आणि आत काही हलत नाही. तापातून उठल्यावर जेवावं तसं, चव नसताना, वेळ झाली म्हणून.

पत्राला कारण असं नाही. रुचिरचं ऑफिस जुरोंग ईस्टला गेलं, म्हणून पुढच्या महिनाअखेर आम्हीही तिकडे जातोय. ऋताने, माझ्या सुनेने, प्रत्येकाला दोन बॅगा नेमून दिल्या आहेत. माझी बॅग उपसली तर तळाशी जुने कागद निघाले. ते तसेच ठेवले. तुझी आठवण झाली, एवढंच.

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर निळ्या खुणांकडे बघत बसले असते. पत्राला ती सोय नाही, तेच बरं.

ताई

सेरंगून, २९ जून २०२५

प्रिय शैला,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आज थोडी गंमत सांगते.

इथे आमचा एक मराठी वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी मधुवंतीच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर जमतो. मधुवंती रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, चाळिशीची, फार उत्साही. रघुवीर म्हणून एक निवृत्त चीफ इंजिनियर येतात. पस्तीस वर्षं जहाजांवर काढली, जहाजावर दुसरं करायचं काय म्हणून वाचत गेले. अनघा आयटीत आहे, नाशिकची, तिशीतली, फारसं बोलत नाही. आणखी दोघी-तिघी असतात. मी त्यांची काकू. प्रकाशनात होते म्हटल्यावर माझ्याकडे परीक्षकासारखं बघतात.

मेमध्ये मधुवंतीने विचारलं होतं, "काकू, तुम्हाला शेवटचा धक्का कुठल्या पुस्तकाने दिला?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

"असं कसं? एवढं वाचलंत तुम्ही."

"म्हणूनच."

झालं. सगळ्यांनी ते आव्हान म्हणून घेतलं. प्रत्येकाने काकूंना हादरवणारं एक पुस्तक आणून द्यायचं, काकूंनी दोन महिन्यांत वाचायचं, आणि जुलैच्या बैठकीत खरं काय ते सांगायचं.

रघुवीरांनी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिली. "ताई, बंगालच्या उपसागरात इंजिन बंद पडून आम्ही दोन दिवस डुलत होतो तेव्हा हे वाचत होतो. इंजिनपेक्षा याची भीती वाटली मला." त्यात एक माणूस तळघरात लोकांना कोंडतो आणि पुढे त्यांचं काय काय करतो. मी भात टाकून वाचायला बसले आणि कुकरची तिसरी शिट्टी चुकली नाही. चाळिसाव्या पानावर कोण ते कळलं होतं. मधुवंतीने दिलेल्यात एक बाई नवऱ्याच्या भावाबरोबर राहते आणि त्याची तपशीलवार वर्णनं आहेत. मी दोन ठिकाणी पेन्सिलने शुद्धलेखन दुरुस्त केलं, मग आठवलं की पुस्तक दुसऱ्याचं आहे. तिसऱ्यात शेवटी कळतं की गोष्ट सांगणाराच मेलेला आहे. तो पहिल्या प्रकरणात काही खात नाही तेव्हाच मला संशय आला होता.

माणूस मेला, कापला, फसवला गेला. मी पान उलटलं. ऋता म्हणाली, "आई, हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, वय झालं.

अनघाने काही दिलं नाही. तिचे वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, नाशिकला. भाऊ बघतो. मला म्हणाली, "काकू, मला हल्ली पुस्तकं उघडवत नाहीत."

तुझी शाळेतली नोकरी आता संपली असेल ना? अठ्ठावन्न पूर्ण झाली तुला मार्चमध्ये.

ताई

सेरंगून, २१ जुलै २०२५

प्रिय शैला,

काल जुलैची बैठक झाली. घरात सगळीकडे खोकी आहेत, टेबल बांधून झालंय, त्यामुळे मांडीवर पाट घेऊन लिहितेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

मी सगळ्यांची पुस्तकं परत केली आणि नाही म्हटलं. रघुवीर हसले. मधुवंती मात्र जरा दुखावली. म्हणाली, "काकू, मग तुम्हाला धक्का बसतच नाही असं समजायचं का? की पुस्तकात आता ताकद राहिली नाही?"

तेव्हा मी एक वेडेपणा केला. पिशवीत झेरॉक्सचे कागद घेऊन गेले होते. का घेऊन गेले होते हे मला विचारू नकोस. ते बाहेर काढले आणि म्हटलं, "एकदा बसला होता. छापलेलं पुस्तक नाही हे. एक हस्तलिखित आहे." आणि बारा पानं वाचून दाखवली.

त्यात एक मुलगी आहे, सहा वर्षं आईचं करणारी. आईला अर्धांगवायू झालेला. एका दुपारी साडेतीनला तांदळाची पेज भरवताना आईला ठसका लागतो आणि श्वास अडकतो. समोरच डॉक्टर राहतात. मुलगी उठते, आणि दाराकडे न जाता स्वयंपाकघरात जाते. चहा टाकते. पिते. कपबशी विसळून पालथी घालते. दोरीवरचे कपडे काढून घड्या करते. पाचला डॉक्टरांच्या दारात जाऊन म्हणते, "आईला बरं नाही वाटत."

वाचून झालं. खाली पोहण्याच्या तलावात मुलं ओरडत होती तेवढंच ऐकू येत होतं. मग मधुवंती म्हणाली, "असं कुणी करतं?" रघुवीर म्हणाले, "करतं. आणि ज्याने इतकी वर्षं केलंय त्याला आपण विचारू नये." अनघा माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, तिने कपबशी विसळून पालथी घातली ना, तिथे मला कसंतरी झालं. चहा पिऊन नुसता ठेवला असता तर नसतं झालं."

मग तिने विचारलं, "ही लेखिका कोण? पुस्तक कुठे मिळेल?"

मी सांगितलं, छापलं गेलं नाही.

"का?"

मी घड्याळ बघितलं आणि परतीच्या मेट्रोची, एमआरटीची, वेळ झाली म्हटलं. रविवारी एमआरटी दर पाच मिनिटांनी असते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुला कळलंच असेल मी काय वाचलं ते. आज एवढंच लिहवतंय.

ताई

जुरोंग ईस्ट, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय शैला,

नवीन घर अकराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून रुळांचा पूल दिसतो. सामान लागलं. आता टाळायला काही उरलं नाही, म्हणून लिहिते.

२००६च्या उन्हाळ्यात प्रतापरावांनी माझ्या टेबलावर एक झेरॉक्सचं बाड ठेवलं. 'साडेतीन ते पाच', लेखिका संजीवनी जोशी, पत्ता मिरजेचा. मूळ प्रत ते स्वतःकडे ठेवायचे, मला झेरॉक्स द्यायचे. मी पहिलं पान उघडलं आणि ओळखलं. तुझा 'ळ' मला झेरॉक्समध्येही कळतो. तो तू लहानपणापासून आडवा झोपलेला काढतेस. पुढे आमसुलाचं सार आलं, आईची निळी रबरी चादर आली, समोरचे डॉक्टर आले. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मी दीडशे पानं एका बैठकीत वाचली. इतकं खरं मी कधी वाचलं नव्हतं, आधीही नाही आणि नंतरही नाही. मग मी फाउंटन पेन उघडलं आणि लिहिलं: 'घटना अविश्वसनीय. मुलीचं वागणं पटत नाही, वाचकाला धक्का देण्याचा सोस दिसतो. लेखनाला ओल नाही. छापू नये.'

प्रतापरावांनी माझा शब्द कधी ओलांडला नाही. प्रत तुला परत गेली. झेरॉक्स फाडून टाकायची पद्धत होती. ती मी घरी नेली.

का केलं हे मी स्वतःला एकोणीस वर्षं एकच सांगत आले, की तुझ्यासाठी केलं. सांगली ती केवढीशी. टोपणनाव दोन दिवस टिकलं नसतं. शाळेतली तुझी नोकरी, त्यातून कुणी पोलिसांत गेलं असतं तर. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. त्या कादंबरीत एक मोठी बहीण आहे. पुण्याहून महिन्यातून एकदा रविवारी येते, चिकू आणते, खुर्चीच्या कडेवर बसते आणि जाताना म्हणते, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." ती छापून यावी असं मला वाटलं नाही.

अजून दोन गोष्टी आहेत. तुझी बारा पानं मी तुला न विचारता परक्या माणसांत वाचली. आणि गेल्या आठवड्यात अनघाचा फोन आला. तिला लेखिकेला पत्र लिहायचं होतं. मी सांगितलं, लेखिका हयात नाहीत. तोंडातून निघून गेलं.

शैला, एक तुला कधीच बोलले नाही, ते आता सांगते. त्या दुपारी जे झालं त्याबद्दल मी तुला मनात कधी दोष दिला नाही. सहा वर्षं मी केलं असतं तर माझंही तेच झालं असतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, संजीवनाही नाही. ते माझ्यापाशीच राहिलं. मी तुला केव्हाच माफ केलं आहे.

तू मला करावंस असं म्हणत नाही.

ताई

गावभाग, सांगली, २२ ऑगस्ट २०२५

ताई,

चारही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. चौथं पत्र वाचून झाल्यावर ते मी देवघरातल्या ताम्हणाखाली ठेवलं आणि तीन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

तू मला माफ केलंस. कशाबद्दल?

२३ नोव्हेंबर २००४. आईला साडेतीनला ठसका लागला. मी अनवाणी समोर गेले. डॉक्टर जेवून पडले होते, ते बनियनवर आले. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्यांनी घशातलं काढलं, छाती दाबली, इंजेक्शन दिलं. तिचा श्वास मधेच यायचा, मधेच थांबायचा. दीड तास आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना होतो. पाचला ती गेली. मग मी तुला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दाखला घेऊन आले. पायऱ्यांवर तू आणि ते बोलत होतात. मी खिडकीतून ऐकत होते. "तुमच्या बहिणीने एक मिनिट घालवलं नाही," असं ते म्हणाले. तू मान डोलावलीस. तुला हे आठवत नाही?

'साडेतीन ते पाच' ही कादंबरी आहे, ताई. त्या सहा वर्षांत माझ्या मनात किती वेळा आलं ते मी मोजलं नाही. पेज भरवताना यायचं, चादर बदलताना यायचं. आपण आत्ता उठून आत गेलो तर काय होईल? आई गेल्यावरही ते जाईना, म्हणून मी ते एकदा कागदावर करून बघितलं. केलं नव्हतं म्हणून लिहिता आलं. केलं असतं तर मी त्याबद्दल एक ओळ लिहिली असती का? तू सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलंस. तुला एवढं कळलं नाही?

अभिप्राय तुझा हे मला तेव्हाच कळलं होतं. प्रकाशकांनी तो शब्दशः पत्रात उतरवला होता. 'ओल नाही' हे तू माझ्या आठवीतल्या निबंधांनाही म्हणायचीस. मी एवढंच धरून चालले की ताईला माझं लिखाण आवडलं नाही आणि ते तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. त्याचा राग होता मला. मोठा होता, पण साधा होता. नंतर मी लिहिलं नाही.

पण तू मला आईला मरू देणारी समजत होतीस, हे मला या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. आता एकेक लागत जातंय. संजीव भावोजी आजारी होते तेव्हा मी येते म्हटलं, रजा टाकली होती. तू नको म्हणालीस आणि बाई ठेवलीस. मला वाटलं, बहिणीकडून करून घ्यायला संकोच वाटत असेल.

लेखिका हयात नाहीत असं सांगितलंस, त्याचं मला हसू आलं. बाकी कशाचं आलं नाही.

माझी मूळ प्रत आणि कच्च्या वह्या २०१९च्या पुरात गेल्या. लाकडी कपाटाच्या खालच्या खणात होत्या, चार दिवस पाण्यात. तुझ्याकडची झेरॉक्स ही आता एकच प्रत आहे. ती पाठव. तू येऊ नकोस.

शैला

जुरोंग ईस्ट, ४ सप्टेंबर २०२५

शैला,

तुझं पत्र काल मिळालं. खाली पत्रपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. मग लिफ्टमध्ये शिरले आणि बटण दाबायचं राहिलं. एक चिनी बाई आत आली, तिने विचारलं, "आंटी, विच फ्लोअर?" मी हातातल्या पाकिटावरचा पत्ता तिच्यापुढे धरला.

डॉक्टर बोलले होते. त्यांच्या हातातला दाखला, पायऱ्यांवरचं ऊन, सगळं आठवलं. त्यांचे शब्दही आठवले, तू लिहिलेस तेच. मी ते ऐकले होते. दीड वर्षाने तुझी दीडशे पानं वाचली आणि ते ऐकलेलं पुसून टाकलं. छापायच्या लायकीचं नाही असं लिहिलं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा धरून चालले.

बाई त्यासाठीच ठेवली होती. संजीवना तुझ्या हाती सोपवायला मी घाबरले. ते दोनदा म्हणाले होते, "शैलाला बोलाव, तिला सवय आहे." मी म्हटलं, तिची शाळा असते.

यावर माफी मागायला शब्द नाही माझ्याकडे. मागत नाही.

प्रत पाठवते. चार दिवस दे.

सुलभा

जुरोंग ईस्ट, ९ सप्टेंबर २०२५

शैला,

सोबत तुझी कादंबरी. एकशे एकोणपन्नास पानं, मोजून घेतली आहेत. सतरावं आणि अठ्ठ्याऐंशीवं पान फिकट होतं, ते रुचिरने स्कॅन करून गडद करून दिलं. पूर्ण प्रतीचं स्कॅनही त्याने केलंय आणि ते तुझ्या ईमेलवर न पाठवता पेनड्राइव्हवर घातलंय, पाकिटात आहे. त्याच्या संगणकावरचं त्याने माझ्यासमोर पुसलं. माझ्याकडे आता एकही पान नाही. प्रती किती काढायच्या आणि कुणाला द्यायच्या हे तुझं तू ठरव.

रुचिरला सगळं सांगितलं. तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "आई, बाबांना मावशी हवी होती." मी हो म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. बोलेल हळूहळू. नाही बोलला तर तेही बरोबर आहे.

अनघाला फोन करून सांगितलं की लेखिका हयात आहेत, सांगलीला राहतात आणि माझी धाकटी बहीण आहे, आणि पुस्तक माझ्यामुळे छापलं गेलं नाही. ती म्हणाली, "काकू, तुम्ही वाचून दाखवलंत त्या रात्रीच मी दादाला फोन केला होता. बाबा कसे आहेत हे न विचारता तू कसा आहेस ते विचारलं." डिसेंबरात ती महिनाभर नाशिकला जातेय. तुझा पत्ता मागितला. तुझी परवानगी नाही म्हणून दिला नाही.

चार दिवस मागितले होते ते वाचायला. लायब्ररीत बसून वाचली, पहिल्या पानापासून. या वेळी त्यातली मुलगी माझी बहीण नव्हती आणि त्यातली आई आपली आई नव्हती. असं मुद्दाम वाचायला मला फार कष्ट पडले. मागे एकदाच वाचली होती, तीही घाईत, मोठ्या बहिणीला शोधत. तिचं नाव दिसलं की मी ताठ व्हायचे आणि ते पान भरभर उलटायचे. बारा पानं त्या सगळ्यांना वाचून दाखवली, तीसुद्धा मोठी बहीण ज्यांत नाही अशीच.

म्हणून एकशे तीनावं पान मी कधी वाचलंच नव्हतं.

रविवार आहे. मोठी बहीण आलेली आहे. आईने चादर घाण केली आहे. धाकटी दळणाला गेली आहे. मोठी चादर ओढून काढते, मोरीत बसते, आणि धुता धुता रडते. आवाज होऊ नये म्हणून नळ मोठा सोडते. मग पिळून दोरीवर घालते, हात साबणाने तीनदा धुते, आणि खुर्चीच्या कडेवर येऊन बसते, जशी काही ती तिथून उठलीच नव्हती. धाकटी पिठाचा डबा घेऊन दारात आलेली आहे आणि हे बघते आहे. ती आत जात नाही. कोपऱ्यापर्यंत परत जाते, थांबते, आणि मग चपला वाजवत येते.

शैला, ते झालं होतं. २००१च्या फेब्रुवारीत, मला वाटतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, रडल्याची लाज वाटली होती. चादर वाळत घातलेली बघून तू "अरे, धुतलीस?" एवढंच म्हणालीस आणि मी "हो, दिसली म्हणून" म्हटलं. तू बघितलं होतंस हे मला ठाऊक नव्हतं.

जे झालं नव्हतं ते मी एकोणीस वर्षं खरं मानलं, आणि जे झालं होतं ते वाचलंच नाही. लायब्ररीत माझ्या शेजारी एक म्हातारा चिनी गृहस्थ पेपर वाचत बसतो. त्याने कागदी रुमालांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. तेव्हा कळलं, मी रडत होते.

तू येऊ नकोस म्हणालीस, मी येणार नाही. याचं उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. पार्सल पोचल्याचं रुचिरला कळेल, तो मला सांगेल.

फक्त एक विचारायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारता येण्यासारखं नाही. त्या रविवारी तू दारात किती वेळ उभी होतीस?

सुलभा